मस्तगी दाताखाली कळते

गेल्या अंकात अजीर्णाबद्दल लिहिताना जवारिश मस्तगीचं, म्हणजे मस्तगी नावाचा झाडाचा सुगंधी डिंक साखरेच्या पाकात घालून केलेल्या युनानी औषधाचं, नाव मी एका ओळीत घेतलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर तिलाच देते आहे. निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून छापली आहेत.

ताई, माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. जेवल्यावर पोट फुगतं, ढेकरा येतात, हल्ली चार घासांतच पोट भरल्यासारखं होतं. बुऱ्हाणपूरच्या एका हकिमांनी जवारिश मस्तगी सांगितली, पाच ग्रॅम, दोन वेळा. घरीच करावी म्हणून सियागंजात गेले, तर एका दुकानात मस्तगी दहा ग्रॅमला २२० रुपये आणि पलीकडच्या दुकानात ४० रुपये. दोघंही ‘असली रूमी’ म्हणतात. दोन्ही पुड्या आणल्या आहेत. सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळीही घेतात. कोणती पुडी वापरू? आणि द्यावी ना? – स्नेहलतागंज, इंदूर

दोन्ही पुड्या आणल्यात हे फार बरं केलंत. आधी पुड्यांचं बघू, सासऱ्यांकडे मग वळू, कारण तिथे मला जास्त बोलायचं आहे.

माझं माहेर काष्ठौषधींच्या दुकानाचं. राजवाड्यामागच्या एका बोळात बाबांचं दुकान होतं आणि समोरच्या माडीवर एक हकीमसाहेब बसत. त्यांचे नुस्खे उर्दूत असायचे. ते वाचता यावेत म्हणून बाबा चाळिशीत उर्दू शिकले आणि त्यांच्या मांडीवर बसून थोडी मीही. मस्तगीचा डबा गल्ल्याशेजारी, हाताखाली असे. महाग वस्तू, नोकराच्या हाती द्यायची नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी तळहातावर दोन खडे ठेवले आणि म्हणाले, “डोळ्यांनी बघू नकोस, चाव.” पुढे तीसेक वर्षं मी फार्मसीच्या मुलांना वनौषधींची ओळख शिकवली, तेव्हाही पहिला तास असाच घेतला.

तुम्हीही तेच करा. महागड्या पुडीतला तुरीच्या डाळीएवढा एक खडा घ्या. तो फिकट पिवळा, काचेसारखा, वरून त्याच्याच पिठाने धुरकटलेला असेल. जिभेवर ठेवून हळूच दाताखाली धरा. आधी तो कुडकन फुटतो आणि तोंडात वाळू पसरल्यासारखं वाटतं. क्षणभर किंचित कडूही लागतो. थुंकू नका. चावत राहा. तोंडाच्या उबेने ते कण एकमेकांना शोधत येतात आणि मिनिटभरात पांढरी, मऊ, लवचीक गोळी तयार होते. माळव्यातल्या कुठल्याही मुलाने शेतात गव्हाचे कच्चे दाणे चघळून चिकट गोळी केलेली असते, तशीच. ही गोळी दाताला चिकटून बसत नाही आणि तिच्यातून जो वास येतो तो कैरीचा देठ मोडल्यावर येतो त्याच्या जवळचा असतो. हे साम्य उगीच नाही. मस्तगीचं झाड आंब्याच्याच कुळातलं आहे. काजू आणि बिब्बाही त्याच कुळातले, आणि पिस्ता तर तिचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा. म्हणून एक सूचना इथेच देते: ज्यांना कैरीच्या चिकाने किंवा बिब्ब्याने अंगावर उततं, त्यांनी मस्तगी आधी अगदी कणभर घेऊन बघावी.

आता स्वस्त पुडीतला खडा चावा. तो भुगा होऊन भुगाच राहिला, कितीही चावला तरी गोळा झाला नाही, तर तो चंद्रस, दुसऱ्याच एका झाडाचा डिंक. दिसायला मस्तगीसारखाच, जरा लांबट. दाताला चिकटला, लाळ दुधाळ झाली, कडवट लागला, तर तो कुंदुर, म्हणजे धूपाच्या जातीचा डिंक. तो पाण्यात घोटून बघा, पाणी पांढुरकं होतं. मस्तगी पाण्याला दाद देत नाही. दाताखाली चिकट आणि नाकाला टर्पेंटाइन, तर ती राळ, ती ताबडतोब थुंका आणि पुडी फेका. आणखी एक शक्यता आहे: खडा चावल्यावर गोळी होते पण वास मंद आणि रंग मळकट. तर ती मस्तगीच्याच जातभाईची, बलुचिस्तान-अफगाणिस्तानकडच्या जंगली पिस्त्याच्या झाडाची राळ असू शकते. जुन्या पुस्तकांत तिला ‘बॉम्बे मस्तगी’ म्हटलेलं आहे, कारण ती मुंबई बंदरातून विकली जायची. ती विषारी नाही, पण तिला रूमीचा भाव देऊ नका.

खऱ्या मस्तगीला इतका भाव का, हेही सांगते, म्हणजे ४० रुपयांवर विश्वास ठेवणार नाही. ग्रीसचं खिऑस नावाचं बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून आहे. या झुडपाचे भाईबंद भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे आहेत, पण औषधाची मस्तगी येते ती या बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतून. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, तिच्यावर पांढरी चुनखडीची माती पसरतात आणि जुलैपासून खोडाला बारीक चिरा देतात. चिरेतून थेंब गळतो, त्या पांढऱ्या मातीवर पडतो आणि दोनेक आठवड्यांत सुकून खडा होतो. मग एकेक खडा वेचायचा आणि हिवाळाभर घराघरांत बायकांनी बसून धुऊन, सुरीच्या टोकाने खरवडून साफ करायचा. एवढं करून एका झाडाला वर्षाला पाव किलोही मिळत नाही. हे सगळं ज्ञान युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवलं. आपण तिला रूमी म्हणतो कारण अरबी-फारसी लिहिणाऱ्यांसाठी तो सगळा बायझंटाइन मुलूख ‘रूम’ होता. बाबांच्या दुकानातले मराठी गिऱ्हाईक ‘रुमामस्तकी’ मागत, ती हीच.

आता सासऱ्यांचं. हकिमांनी सांगितलेलं औषध चुकीचं नाही. युनानीत मस्तगीचा मिजाज, म्हणजे प्रकृती, दुसऱ्या दर्जाचा उष्ण आणि रुक्ष मानतात. थंड, ओलसर, कफाने सुस्तावलेल्या जठराला ती ऊब देते, वायू मोडते, जठराला बळ देते, असं प्रख्यात हकीम इब्न सीनाच्या (९८०–१०३७) काळापासून चालत आलेलं आहे. ‘जुअफ-ए-मेदा’ म्हणजे जठराचा अशक्तपणा, त्यावरचं हे ठरलेलं औषध. जवारिश हा शब्दही ‘पचवणारं’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला. पाच ते दहा ग्रॅम ही मात्राही बरोबर आहे.

पण जवारिश म्हणजे साखरेचा पाक. मस्तगीच्या कितीतरी पट साखर त्यात असते. पाच ग्रॅम दोन वेळा म्हणजे रोज जवळजवळ दोन लहान चमचे साखर पोटात जाते. हकिमांना मधुमेह सांगितला होता का? नसेल तर आज फोन करा. नुसती मस्तगी एक ते दोन ग्रॅम, चूर्णाच्या रूपात, हा मार्ग युनानीत आहेच. ती साखरेशिवाय कशी द्यायची हे त्यांना ठरवू द्या.

दुसरं, मेटफॉर्मिनने पोट फुगणं, मळमळ हे त्रास अनेकांना होतात. गोळी जेवणाबरोबर घेतली किंवा डॉक्टरांनी तिचा हळूहळू सुटणारा प्रकार दिला, की पुष्कळांचं पोट शांत होतं. गोळी आपण होऊन बंद करू नका. तिसरं, दुखण्याची गोळी जठराच्या आतल्या अस्तराला खाते. ती चालू ठेवून वरून मस्तगी देणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत राहणं.

आणि चौथं, जे मी सर्वांत वर लिहायला हवं होतं. ‘हल्ली चार घासांतच पोट भरतं’ असं तुम्ही लिहिलंत. ७६व्या वर्षी हे नव्याने सुरू झालं असेल, तर जवारिशच्या आधी पोटाच्या डॉक्टरांकडे न्या. वजन उतरलं आहे का बघा. रक्तातलं हिमोग्लोबिन बघा. दुर्बीण घालायला सांगितली तर घाबरू नका, ती पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे. ती नीट निघाली, की मग मस्तगी खुशाल द्या. तेव्हा ती देताना तुमचंही मन स्वस्थ असेल.

मस्तगी मिक्सरमध्ये फिरवली तर पात्याला काचेसारखी चिकटून बसली. भांडं वाया गेलं का? आणि जवारिश नीट कशी करतात? – एक गृहिणी, महू

भांडं वाया गेलेलं नाही. पाण्याने, साबणाने ती हलणार नाही. थोडं गोडेतेल कोमट करून पात्याभोवती ओता, तासभर ठेवा, मग जुन्या कापडाने पुसा. मस्तगी तेलात विरघळते. रोगन-ए-मस्तगी हे युनानी तेलही असंच, मस्तगी तेलात विरघळवून करतात. ते बाहेरून चोळायचं.

तुमची चूक एकच: वेग. मिक्सरच्या पात्याची उष्णता तिला पुरते. बाबांकडे मस्तगी खलण्याचं काम पहाटे व्हायचं, मे महिन्यात तर दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी. आज फ्रिज आहे, खडे तासभर त्यात ठेवा. दगडी किंवा चिनी मातीचा खल अगदी कोरडा हवा. एका वेळी चमचाभरच खडे घ्या, आणि बत्ता आपटायचा नाही, दाबायचाही नाही. गोल, हलक्या हाताने, बाळाच्या टाळूवर तेल जिरवतो तितक्या हलक्या हाताने फिरवायचा. युनानी औषधशाळेतही मस्तगी इतर औषधांबरोबर कुटत नाहीत, ती वेगळी, हळू खलतात. खलात चिकटायला लागली की थांबा, खल पुन्हा गार करा. चिमूटभर खडीसाखर बरोबर घातली तर कण सुटे राहतात.

पीठ वस्त्रगाळ करू नका. माजूनसाठी, म्हणजे पाकातल्या दुसऱ्या युनानी औषधासाठी, औषधं बारीक दळतात, जवारिशसाठी जरा भरड ठेवतात. युनानी वैद्यांचं म्हणणं असं, की भरड कण जठरात जास्त वेळ रेंगाळतात आणि जवारिशचं काम जठरातच असतं. मला ही बारकाई फार आवडते. औषध कुठे थांबावं याचा विचार करून दळणाची जाडी ठरवणं हे शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलं आहे.

पाक गुलाबपाण्यात करायचा. खाण्याचं गुलाबपाणी, चेहऱ्याला लावायचं नव्हे. साखर विरघळून पाकाला तार आली की भांडं खाली उतरवा. उतरवल्यावर थोडी वाफ जाऊ द्या आणि मगच मस्तगी भुरभुरवत, ढवळत घाला. चुलीवर असतानाच घातलीत तर ती वितळून एक गोळा तळाशी बसेल आणि वर नुसता गोड पाक राहील. आईची पहिली जवारिश अशीच बिघडली होती आणि बाबांनी तो गोळा महिनाभर चघळून संपवला, इतकी ती महाग.

मस्तगीने अल्सरचे जंतू मरतात असं वाचलं. मला हेलिकोबॅक्टर निघाला आहे, डॉक्टरांनी चौदा दिवसांची अँटिबायोटिकं दिली आहेत. त्याऐवजी मस्तगी घेतली तर चालेल का? वय ३१. – रामबाग, इंदूर

नाही. गोळ्या पूर्ण करा, एकही न चुकवता.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. १९९८ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रयोगशाळेतल्या बशीत मस्तगी हेलिकोबॅक्टरला मारते. बातमी जगभर गेली. पुढे २००३ साली आठ रुग्णांना रोज चार वेळा एकेक ग्रॅम मस्तगी चौदा दिवस दिली गेली आणि आठांपैकी एकाच्याही पोटातून जंतू गेला नाही. २०१०च्या ग्रीक अभ्यासात काहींचा गेला, पण बहुतेकांचा राहिलाच. बशी आणि जठर यांत फरक आहे. जठरात आम्ल आहे, जाड श्लेष्मा आहे आणि हा जंतू त्या श्लेष्म्याखाली दडून बसतो.

मस्तगीची खरी बाजू दुसरीकडे आहे. जखम नाही, गाठ नाही, तरी पोट जड, फुगलेलं, दुखरं राहतं, अशा लोकांवर ग्रीसमध्ये १४८ जणांचा अभ्यास झाला. रोज तीन वेळा ३५० मिलिग्रॅम, तीन आठवडे. मस्तगी घेणाऱ्यांत ७७ टक्क्यांना आराम पडला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ४० टक्क्यांना. युरोपच्या औषध नियामक संस्थेनेही सौम्य अपचनासाठी आणि बारीकसारीक जखमांवर बाहेरून लावण्यासाठी तिला पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. तीही प्रौढांसाठीच आणि दीर्घकालीन वापराच्या आधारावर. म्हणजे हकीम लोक जिला ‘जठराचा अशक्तपणा’ म्हणत आले, त्याच जागी तिचा उपयोग ठरतो आहे. तिच्याकडून तेवढंच मागावं.

हे मी इतक्या तळमळीने का लिहिते, तेही सांगते. उज्जैनचे माझे मामा कंबरदुखीसाठी गोळ्या घ्यायचे. पोटात जळजळ सुरू झाली, तेव्हा बाबांकडून जवारिश मस्तगीची बरणी घेऊन गेले. बरं वाटलं. दुसरी बरणी नेली, तिसरी नेली. बाबांनी घरचं माणूस म्हणून काही विचारलं नाही. मधल्या काळात मामांना शौचाला डांबरासारखं काळं होत होतं आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. एका सकाळी ते अंगणात चक्कर येऊन पडले. जठरातला व्रण आतल्या आत कित्येक दिवस वाहत होता. तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं. मामा वाचले आणि पुढे वीस वर्षं जगले. पण बाबा त्या दिवसापासून बदलले. जवारिश मागणारं गिऱ्हाईक कोणी का असेना, ओळखीचं, अनोळखी, पुरुष, बाई, ते डब्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, “शौचाचा रंग कसा आहे?” काही गिऱ्हाइकं रागावून निघून जात. बाबांनी प्रश्न सोडला नाही.

तुम्हालाही विचारते. काळं, चिकट, दुर्गंधी असं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर हे सदर बाजूला ठेवा आणि इस्पितळात जा.

माझ्या चार वर्षांच्या मुलाची लाळ खूप गळते. आजेसासूबाई म्हणतात, मस्तगीने लाळ आटते. – देवास

आजेसासूबाई ऐकीव बोलत नाहीयेत. लाळ जास्त सुटण्यावर मोठ्यांना जवारिश मस्तगी देतात हे युनानीत नोंदलेलं आहे. पण चार वर्षांच्या मुलाला देऊ नका. खडा घशात अडकण्याची भीती वेगळीच, आणि या वयात लाळ गळण्याचं कारण बहुधा नाक चोंदणं, वाढलेले टॉन्सिल, तोंड उघडं ठेवून झोपणं यांत असतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आजेसासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मस्तगी च्युइंगमसारखी रोज चघळली तर दात बळकट होतात का? – सुदामा नगर, इंदूर

चघळायला हरकत नाही, तोंडाचा वास जातो आणि हिरड्यांना बरं वाटतं. युनानी मंजनांतही ती घालतात. ग्रीक भाषेतलं तिचं नावही दात-चावणं या अर्थाच्या शब्दाशी जोडलेलं आहे. फक्त हलणारा दात किंवा बसवलेली कवळी असेल तर टाळा. आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू आणि मावाबाटी खाऊन वर मस्तगी चघळणं, ही जी नवी टूम तुम्ही लिहिलीत, तिच्याने पचन सुधारणार नाही. त्यासाठी खाण्याची वेळ अलीकडे आणा.

माझ्या सासऱ्यांच्या कपाटात पितळी डबी सापडली. आत पिवळे खडे, वर चिठ्ठी चिकटवलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या मस्तगी आहे. किमान पंचवीस वर्षं जुनी असेल. वापरता येईल? – धार

पोटात घेऊ नका. इतक्या वर्षांत तिचं सुगंधी तेल उडून जातं, खडे गर्द पिवळे, ठिसूळ होतात आणि चावल्यावर नीट गोळीही होत नाही. ताजी मस्तगी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात, गार ठिकाणी ठेवावी. पितळी डबी दिसायला सुंदर, पण तिचं झाकण वास धरून ठेवत नाही. तुमच्याकडचे खडे दोन-चार निखाऱ्यावर टाकून बघा. आत थोडं जरी तेल उरलं असेल, तर घरभर वास येईल. उरलेले खडे संध्याकाळच्या धुपात वापरा.

चिठ्ठीवर ‘आडव्या रेघांचं काहीतरी’ आहे असं तुम्ही लिहिलंत. ती बहुतेक उर्दू असावी. ती भिजवून काढू नका, फाटेल. डबीसकट तिचा जवळून फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून कळवते.